पाच महिन्यांच्या मुलीच्या पोटातली गाठ ओव्हरीची की आतड्याची, हे कसं ठरवतात?

ताई, रिपोर्टात 'ओव्हरीची गाठ किंवा आतड्याची डुप्लिकेशन सिस्ट' असं वाचून तुमची झोप उडाली असणार. मी लहान मुलांची सोनोग्राफी करते, आणि हा घोटाळा माझ्या हातूनही एकदा झालाय. एका बाळाची गाठ ओव्हरीची समजून मी 'तीन महिन्यांनी पुन्हा पाहू' असं लिहिलं. तिसऱ्याच आठवड्यात ती उलट्या आणि रक्ताची शी घेऊन आली. गाठीमुळे आतड्यात आतडं शिरलं होतं. ऑपरेशन झालं, पोर बरी झाली. पण तेव्हापासून मी गाठीतल्या पाण्याआधी तिची भिंत बघते.

डुप्लिकेशन सिस्ट म्हणजे आतड्याला चिकटून जन्मतःच असलेली पिशवी. तिला आतून आतड्यासारखं अस्तर आणि बाहेरून स्नायू असतो, म्हणून सोनोग्राफीत आत पांढरी रेघ आणि बाहेर काळी अशी दुहेरी भिंत दिसते. नुसत्या दुहेरी भिंतीवर मात्र विसंबू नये, इतर गाठीही तशा भासतात. प्रोब (पोटावर टेकवायचं सोनोग्राफीचं उपकरण) स्थिर धरून थांबलं तर कधीकधी ती भिंत आतड्यासारखी आकसताना दिसते. ते दिसलं की माझी शंका जवळजवळ फिटते. घाईच्या तपासणीत हे निसटतं, म्हणून लहान मुलांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्याकडून, जास्त फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे बारीक तपशील दाखवणाऱ्या लिनियर प्रोबने ती पुन्हा करून घ्या. दोन्ही ओव्हरी गाठीपासून वेगळ्या दिसल्या का, हे मुद्दाम विचारा. गाठीच्या आत कडेला छोटी पिल्लूगाठ असेल तर पारडं ओव्हरीकडे झुकतं. आईच्या हार्मोन्समुळे झालेल्या अशा गाठी बहुतेक काही महिन्यांत लहान होतात.

सीटीची घाई नको, त्यात रेडिएशन आहे. शंका उरली तर एमआरआय. शीतून रक्त जात असेल तर टेक्नेशियम स्कॅन (शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन जठराचं अस्तर कुठे आहे ते शोधणारी तपासणी) करतात, कारण काही डुप्लिकेशन सिस्टमध्ये जठराचं अस्तर असतं आणि त्याच्या आम्लाने जखम होते. हा स्कॅन निगेटिव्ह आला तरी डुप्लिकेशन सिस्ट नाहीच, असं म्हणता येत नाही. शेवटची खात्री काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजीतूनच होते.

हिरवी उलटी, रक्ताची शी, फुगलेलं पोट किंवा थांबून थांबून कळवळून रडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. बालशल्यविशारद असलेलं हॉस्पिटल गाठा.

आणि गरोदरपणातल्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचे कागद शोधून सोबत न्या. गाठ तेव्हाच दिसली होती का आणि किती मोठी होती, हे मी सगळ्यात आधी विचारते.