मधला चेहरा शिकायचाय? आधी आरशासमोर उभी राहा

मधला चेहरा म्हणजे डोळ्यांपासून वरच्या जबड्यापर्यंतचा भाग. त्याच्या आकृत्या पाठ करण्याआधी नाकाखालच्या पन्हळीवर बोट ठेव. ती पन्हळ म्हणजे गर्भाच्या चेहऱ्यावर नाकाच्या मधल्या बाजूचे दोन उंचवटे मधोमध मिळाले ती जागा. कडेचा वरचा ओठ मात्र वरच्या जबड्याच्या उंचवट्यांतून येतो. ही जुळणी गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात होते. आता सांग, दुभंगलेला ओठ बहुधा मधोमध न फाटता एका बाजूला का फाटतो? हे एकदा उमगलं की अर्धा धडा झाला.

टाळूची गंमत आणखी मोठी आहे. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबतात. जीभ खाली सरकली की ते आडवे होऊन मध्ये जुळतात, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. जीभ अडून राहिली, तर फट उरते. लहान खालच्या जबड्याच्या काही बाळांत हेच घडतं.

जन्मानंतरच्या वाढीत सगळेच अडखळतात, मीही पुष्कळ अडखळले. वरचा जबडा पुढे-खाली सरकतो, पण त्याचा पुढचा पृष्ठभाग झिजत असतो! मागच्या टोकाला हाड भरत जातं, तिथेच दाढांना जागा होते. नाकाचा तळ वरून झिजतो, तोंडाच्या बाजूने भरतो, म्हणून टाळू खाली उतरते. ‘सरकणं’ आणि ‘घडण बदलणं’ (म्हणजे हाड कुठे झिजणं, कुठे भरणं) वहीत दोन रंगांनी काढ.

आणि शक्य झालं तर नवजात बाळाची कवटी बघ. डोळ्यांच्या खोबणी मोठ्या आणि त्यांच्याखाली चेहरा जेमतेम.