गरम बीफ-चीज डिप : चीज फुटू नये म्हणून

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी शेजारी आणि ऑफिसमधील मंडळी आमच्याकडे जमणार आहेत. टेक्सासमध्ये अशा वेळी टॉर्टिया चिप्सबरोबर केसो, म्हणजे बीफचा खिमा घातलेले गरम चीज डिप, हवेच असते. मी चांगले जुने चेडर आणून ते घरी करते, पण दर वेळी चीज फुटते, वर तेलाचा तवंग येतो आणि खाली चिवट गोळा उरतो. शिवाय काही पाहुणे बीफ खात नाहीत आणि काही पूर्ण शाकाहारी आहेत. काय करावे?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : आपण आणलेले चीज उत्तम असेल, परंतु नेमके जुने, मुरलेले चेडरच या पदार्थात सर्वांत जास्त त्रास देते. चीजमध्ये प्रथिनांचे जाळे असते, ते कॅल्शियमने बांधलेले असते आणि स्निग्धांश त्या जाळ्यात अडकून राहतो. चीज मुरत जाते तसे हे जाळे विरत जाते. मग आच थोडी जरी चढली तरी प्रथिने आकसून एकत्र येतात आणि तूप बाहेर पडते. एकदा असे झाले की कितीही ढवळले तरी ते परत मिळून येत नाही.

टेक्सासच्या घरांमध्ये यावर जुना उपाय आहे, तो म्हणजे वेल्व्हीटा हे प्रक्रिया केलेले चीज आणि रो-टेल कंपनीचा टोमॅटो व हिरव्या मिरच्यांचा डबा. वेल्व्हीटा 1918 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मन्रो येथे एमिल फ्राय यांनी तयार केले. त्यातील सोडियम सायट्रेट व फॉस्फेट हे क्षार कॅल्शियमला बाजूला करतात, म्हणून ते कितीही वितळवले तरी फुटत नाही. या डब्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र खऱ्या चीजची चव हवी असेल, तर पुढील पद्धत मी मनापासून सुचवते.

340 ग्रॅम चीज घ्यावे. त्यात दोन भाग कोवळे चेडर आणि एक भाग मॉन्टेरे जॅक असावे. ते घरीच किसावे, कारण पाकिटातील तयार किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून बटाट्याचे पीठ किंवा सेल्युलोज लावलेले असते आणि त्यामुळे डिप भरभरीत होऊ शकते. किसात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर हाताने नीट चोळावे. पातेल्यात 12 औंसांचा, म्हणजे सुमारे 350 मिलिलिटरचा, एव्हापोरेटेड मिल्कचा डबा ओतून कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवावा. (शेजारच्या फळीवरचे गोड कंडेन्स्ड मिल्क चुकून उचलू नये.) आटवलेल्या दुधातील प्रथिने स्निग्धांशाला धरून ठेवतात आणि कॉर्नफ्लोअर चीजला गोळा होऊ देत नाही. आता आच अगदी मंद करून चीज मूठमूठ घालावे आणि आधीचे पूर्ण विरघळल्यावरच पुढची मूठ टाकावी. पळी उचलल्यावर डिप तिच्या पाठीला गुळगुळीत थर धरून हळूहळू ओघळले की झाले. उकळी मात्र येऊ देऊ नये.

बीफचा खिमा स्वतंत्र कढईत करावा. 450 ग्रॅमचे, 85/15 (म्हणजे 85 टक्के मांस आणि 15 टक्के चरबी) लिहिलेले पाकीट घ्यावे. कांदा, लसूण, जिरेपूड आणि लाल तिखट एवढे पुरते, गरम मसाल्याची येथे गरज नाही. खिमा पसरून चांगला तांबूस होईपर्यंत परतावा, ढेकळे मोडावीत आणि सुटलेली चरबी निथळून टाकावी. ती तशीच राहिली तर आपण निगुतीने केलेल्या चीजवर पुन्हा तवंग दिसेल. मांस दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिम्याचे तापमान 71 अंश सेल्सियसपर्यंत (160 अंश फॅरनहाइट) गेलेच पाहिजे. तपकिरी रंगावर विश्वास न ठेवता थर्मामीटर लावावा.

पाहुण्यांच्या सोयीसाठी खिमा चीजमध्ये मिसळूच नये. ऑस्टिनच्या मॅट्स एल रँचो या उपाहारगृहातील प्रसिद्ध बॉब आर्मस्ट्राँग डिपमध्ये केसोला मसालेदार खिमा, ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) आणि सावर क्रीमची जोड असते. तसाच खिमा आपण वेगळ्या भांड्यात शेजारी ठेवावा, चमचे वेगळे द्यावेत आणि भांड्यावर ठळक अक्षरांत ‘बीफ’ असे लिहावे. मंद उजेडात आणि सामन्याच्या गडबडीत कोणाची फसगत होता कामा नये. आपल्या घरी विश्वासाने जेवायला आलेल्या माणसाच्या बाबतीत ही काळजी मला चवीपेक्षा मोठी वाटते. शाकाहारी पाहुण्यांसाठी चीजचे वेष्टनही वाचावे. काही चीज वासराच्या जठरातील रेनेट या दूध गोठवणाऱ्या एन्झाइमने बनते आणि वेष्टनावर नुसते ‘एन्झाइम्स’ लिहिलेले असेल तर काहीच कळत नाही. ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेबल रेनेट’ असा उल्लेख असलेलेच घ्यावे.

सामना चालू असताना दोन्ही पदार्थ स्लो कुकरमध्ये ‘वॉर्म’वर, 60 अंश सेल्सियसच्या (140 अंश फॅरनहाइट) वर राहतील असे ठेवावेत. डिप घट्ट होऊ लागले तर गरम दुधाचा एखादा चमचा घालून ढवळावे, थंड दूध घालू नये. गरम न ठेवता दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेले उरलेसुरले टाकून द्यावे.