पुण्याला व्यावसायिक फुटबॉल संघ परत मिळेल का? चाहत्यांनी नेमकं काय करावं?

2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला, आता संघ परत आणायचा तर कोणत्या उद्योगसमूहाच्या मागे लागावं, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीचा. आम्हाला मुंबईपेक्षा तोच संघ जवळचा, त्यामुळे तो गेल्याचं दुःख इकडेही आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की कुठल्याच उद्योगसमूहाच्या मागे लागू नका.

पुण्याचा इतिहासच बघा. पुणे एफसी 2007 साली निघाला, आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये चांगला खेळला, 2015 मध्ये मालकांनी अंग काढून घेतलं. भारत एफसी एका मोसमात आटोपला. डीएसके शिवाजियन्स 2017 पर्यंत टिकला. मग पुणे सिटीचे मालक आर्थिक कोंडीत सापडले आणि आयएसएल या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधली जागा हैदराबादला गेली. प्रशिक्षक फिल ब्राऊन तिकडे गेले, मार्सेलिन्होसारखे खेळाडू गेले, आणि 2022 मध्ये हैदराबादनं करंडकही उचलला. चार क्लब, आणि चारही वेळा निर्णय मालकांच्या बैठकीत झाला. स्टँडमधल्या माणसाला तो वर्तमानपत्रातून कळला.

प्रेक्षक नव्हते म्हणून संघ गेला, हे मला पटत नाही. मार्च 2018 मध्ये बंगळुरूविरुद्धच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीत होता. ते स्टेडियम 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे पलीकडच्या कोपऱ्यात चेंडू कुणाच्या पायात आहे ते कळायचं नाही. तरी केशरी टी-शर्टातली पोरं नव्वद मिनिटं उभी. सामना 0-0 सुटला. नंतर आम्ही चांदणी चौकात मुंबईहून येणाऱ्या सांगलीच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत थांबलो, तर शेजारी कराडची, इस्लामपूरची मंडळी तीच गाडी धरायला उभी, आणि बंगळुरूत काय होईल यावर वाद चाललेला. तिकडे त्यांच्या सुनील छेत्रीनं तीन गोल केले आणि आपण 3-1 हरलो. पण रात्रीचा प्रवास करून सामन्याला येणारी माणसं होती. क्लब चालवण्यात त्यांचा हात कुठेच नव्हता, दुखणं ते आहे.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखाना, दूध संघ, बँक, सगळं सभासदांच्या भागभांडवलावर उभं राहिलं. भाग एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. सर्वसाधारण सभेत साधा शेतकरी अहवालाचं पान उघडून चेअरमनला विचारतो, हा खर्च कशाचा? सहकाराची दुखणी आम्ही जवळून पाहिलीत, बुडालेल्या बँकांच्या दारातल्या रांगाही पाहिल्यात. तरीही कारखाना उचलून दुसऱ्या राज्यात नेला असं होत नाही, कारण तो सभासदांचा असतो.

फुटबॉलमध्ये हे चालतं का? लंडनचा विम्बल्डन क्लब लंडनबाहेर मिल्टन कीन्सला हलवायला 2002 मध्ये परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानात खेळाडूंची खुली चाचणी घेतली आणि एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढून इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली. तिथंही एका सभासदाला एकच मत. 2011 मध्ये ते चौथ्या पायरीवर, म्हणजे फुटबॉल लीगमध्ये, परतले, आणि 2020 मध्ये जुन्या भागात, प्लाऊ लेनवर, स्वतःचं स्टेडियम उभं केलं. त्यासाठी कर्जरोख्यांतून 50 लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. अठरा वर्षं गेली यात. पुण्यालाही वेळ लागेल, आयएसएलची जागा विकत घेण्याची भाषा पहिली दहा वर्षं नको.

आपल्याकडे वाट आहे. आय-लीग 3 ही राष्ट्रीय लीगची खालची पायरी 2023-24 मध्ये सुरू झाली, तिथं राज्य संघटनांनी पाठवलेले क्लब खेळतात. म्हणजे आधी पुण्याची जिल्हा लीग, मग राज्य, मग राष्ट्रीय. जिल्हा लीगमधला एखादा जुना क्लब सभासद करून घ्यायला तयार आहे का, ते आधी विचारा, नवा काढण्यापेक्षा ते सोपं. पैशाचा हिशेब दरवर्षी सभेपुढे आलाच पाहिजे, आणि क्लब शहराबाहेर हलवायचा तर सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांशिवाय हलणार नाही, हे क्लबच्या घटनेत पहिल्याच दिवशी लिहून घ्या. मैदान बालेवाडीपेक्षा लहान चालेल. दोन हजार माणसं टचलाइनला खेटून बसली तर खेळाडूला ती ऐकू येतात, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या तिथल्या संघांचा सामना एकदा बघून या म्हणजे कळेल.

कोल्हापूरकरांकडून मात्र भागाचे पैसे मागू नका, त्यांचा जीव आपापल्या तालमीत आहे. त्यांच्याकडून खेळाडू मागा, भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. पैशासाठी सांगली, सातारा, कराड फिरा. भागाचे अर्ज छापले की मला कळवा, सांगली-मिरजेतले मी फिरून गोळा करतो.