ऑपरेशन उजव्या डोळ्याचं, तक्रार डाव्याची

"मॅडम, उजवा छान झाला हो, पण त्याच्यापायी डावा गेला!" मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तपासणीला आलेल्या काकू रडवेल्या झाल्या होत्या. एका डोळ्याला हात लावला की दुसऱ्यावर ताण येऊन तोही अधू होतो, असं शेजारणीने त्यांच्या मनात भरवलेलं. डोळ्यांच्या दवाखान्यात समुपदेशन करताना ही भीती कानावर पडली नाही असा आठवडा जात नाही.

डॉक्टरांना डाव्यात नवीन काही सापडलं नव्हतं. पण नुसतं "काही नाही" म्हटल्याने कुणाचं समाधान होतं? मी काकूंना उजव्या डोळ्यावर तळहात धरून कॅलेंडरकडे बघायला लावलं.

"पिवळट दिसतंय. मळकट."

मग डावा झाकायला सांगितला. "अगंबाई, पांढरंशुभ्र!"

मोतीबिंदू डाव्यातही आधीपासून होताच. दोन्ही डोळ्यांना सारखंच पिवळं दिसत होतं, तोवर ते कळायला मार्ग नव्हता. घरातली एक भिंत रंगवली की शेजारची कळकट वाटायला लागते, तसंच हे.

जिन्यावर तोल जातो, ही दुसरी तक्रार मात्र अगदी खरी होती. काकूंचा जुना नंबर दोन्हीकडे उणे नऊच्या आसपास. उजव्यात कृत्रिम भिंग बसल्यावर तिथला नंबर जवळजवळ संपला, म्हणून चष्मेवाल्याने उजवीकडची काच काढून दिली. उणे नंबरची काच वस्तू लहान दाखवते. त्यामुळे डाव्याला पायरी लहान, उजव्याला मोठी, आणि मेंदूला दोन्हींचा मेळ बसेना. तीनपेक्षा जास्त नंबरचा फरक चष्म्याने सहन होणं बहुतेकांना जड जातं. यावर उपाय दोन: डाव्यात कॉन्टॅक्ट लेन्स, नाहीतर त्याचंही ऑपरेशन लवकर उरकणं. काकूंनी दुसरा निवडला. तोवर चष्मा कपाटात, चालणं-फिरणं उजव्याच्या भरवशावर.

शेजारणीचं बोलणं मी साफ उडवून लावलं नाही. ब्रेल लिपी तयार करणारा लुई ब्रेल (जन्म 1809) तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात आरी लागून त्याचा एक डोळा गेला, आणि पाचव्या वर्षापर्यंत दुसराही. एका डोळ्याला खोल जखम झाली की कधीकधी शरीराची प्रतिकारशक्ती दोन्ही डोळ्यांवर उलटते. 'सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया' म्हणतात त्याला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तो फारच क्वचित होतो, आणि वेळेत कळला तर त्यावर औषधं आहेत. म्हणून ऑपरेशन न झालेला डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसवेना किंवा नजर अचानक धूसर झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी या, एवढं मी काकूंच्या मुलाला निक्षून सांगितलं.

उठता उठता काकू हळूच म्हणाल्या, "थेंब मी दोन्ही डोळ्यांत टाकतेय. डाव्यालाही आधार."

त्या थेंबांत स्टेरॉइड असतं. विनाकारण टाकत राहिलं तर काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो. त्यांना पुन्हा आत पाठवून डाव्याचा दाब मोजून घेतला. ठीक होता. मग बाटलीवर मार्करने ठळक 'उजवा' लिहून दिलं.