फिरत्या ध्वनिमुद्रणासाठी रॅक : एक मोठा की दोन लहान?

प्रश्न : मी गेली काही वर्षे घरगुती बैठका, भजनी मंडळे आणि शाळांचे कार्यक्रम जागेवर जाऊन ध्वनिमुद्रित करून देतो. आठ चॅनेलचा इंटरफेस (आवाज संगणकात नेणारे उपकरण), तितक्याच चॅनेलचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे उपकरण), हेडफोन अँप, बिनतारी माइकचे रिसीव्हर, जोडीचा रेकॉर्डर आणि तारांसाठी एक ड्रॉवर एवढे सामान असते. सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली. पण त्याने आतून सनमायका लावल्यावर एकही उपकरण आत बसेना. आता 12 यूची तयार फ्लाइट केस, म्हणजे उपकरणे एकावर एक स्क्रूने बसवायची प्रवासी रॅक-पेटी, घ्यावी असे वाटते (यू हे रॅकच्या उंचीचे माप). गाडी लहान आहे आणि मदतीला बहुधा कोणी नसते. काय घ्यावे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मदतीला कोणी नसेल, तर 12 यूची केस घेऊ नका. 6 यूची प्लायवूडची केस रिकामीच साधारण 10 ते 12 किलोची भरते आणि सामान भरल्यावर ती एका माणसाला जेमतेम उचलण्याजोगी राहते. त्याच्या दुप्पट वजन घेऊन सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा अरुंद लाकडी जिना चढणे एकट्याच्या आवाक्यातले नाही. मी स्वतः पूर्वी एकाच मोठ्या केसचा आग्रह धरला होता. एका घरगुती बैठकीच्या वेळी जिन्याच्या वळणावर केस अडकली, ती वरही जाईना आणि खालीही येईना, आणि शेवटी साथीला आलेल्या तबलजींना आपला तबला खाली ठेवून माझ्या मदतीला यावे लागले. त्यांना कार्यक्रमापूर्वी हात शेकत बसलेले पाहून मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी 6 यूच्या दोन केस वापरतो.

दोन केसमध्ये सामान कसे वाटावे, हा खरा विचाराचा भाग आहे. पहिल्या केसमध्ये विजेची पट्टी, इंटरफेस, प्रीअँप आणि हेडफोन अँप ठेवावा, म्हणजे लहान बैठकीला एवढी एकच केस नेऊन भागते. इंटरफेस आणि प्रीअँप यांची ताटातूट मात्र करू नये. हे दोन्ही बहुधा एडॅट या डिजिटल जोडणीच्या ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या) तारेने जोडलेले असतात. 48 किलोहर्ट्झला (दर सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) त्या एका तारेतून आठ चॅनेल जातात, पण तार नाजूक असते आणि दर कार्यक्रमाला काढून पुन्हा लावल्यास तिचे टोक खराब होऊ शकते. दुसऱ्या केसमध्ये बिनतारी रिसीव्हर, जोडीचा रेकॉर्डर आणि ड्रॉवर बसेल. तिलाही स्वतःची विजेची पट्टी द्यावी, पण दोन्ही पट्ट्यांना वीज एकाच सॉकेटवरून घ्यावी.

आता आपल्या पेटीविषयी. रॅकच्या उपकरणाची पुढची पट्टी 19 इंच म्हणजे 482.6 मिलिमीटर रुंद असते. सुताराने आतली रुंदी बरोबर 19 इंच धरली असणार. दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरची सनमायका लागली की जागा 480 वर येते आणि पट्टी अडते. आतली रुंदी 486 मिलिमीटरच्या आसपास हवी. उपकरणे ज्यांवर स्क्रूने बसतात त्या दोन उभ्या रेलच्या मधली मोकळी जागा किमान 450 आणि भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे आडवे अंतर 465.1 मिलिमीटर असते. एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर, पण त्यातली तीन भोके समान अंतरावर नसतात, 15.9, 15.9 आणि 12.7 असा क्रम असतो, त्यामुळे रेलला हाताने भोके पाडण्याच्या फंदात सुताराने पडू नये. तयार भोकांची रेल विकत घ्यावी. पेटीच्या आतली सनमायका खरवडून काढता आली तर ती घरच्या खोलीत कायम ठेवायला उपयोगी पडेल. गाडीतून फिरवायला नव्हे, कारण तिच्या कोपऱ्यांना धातूचे आवरण नाही.

नवीन केस घेताना खोली मोजणे लोक विसरतात. उपकरण 25 सेंटिमीटर खोल असले, तरी त्याच्या मागे एक्सएलआरचा (माइकच्या तारेचा तीन पिनांचा) प्लग आणि तारेचे वळण यांना आणखी 8 ते 10 सेंटिमीटर लागतात. झाकण बंद करताना तार दाबली गेली, तर आधी प्लगच्या टाचेपाशी आणि मग सॉकेटच्या आत बिघाड होतो. म्हणून आतली खोली 40 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असावी. मागच्या बाजूलाही रेल असेल तर फारच उत्तम. जड उपकरण केवळ पुढच्या पट्टीच्या दोन कानांवर (स्क्रू बसतात त्या टोकांवर) लटकत राहिले, तर रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला त्याचे सगळे वजन त्या पातळ पत्र्यावर येते. कान वाकलेला प्रीअँप मी पाहिला आहे. बाहेरून तो ठीक दिसत होता, पण स्क्रू एका बाजूने तिरका बसायचा आणि दोन महिन्यांत त्याचे आटे गेले. जड उपकरण नेहमी तळाला असावे आणि सहा मिलिमीटरच्या केज नटबरोबर (रेलच्या भोकात अडकणाऱ्या नटबरोबर) प्लास्टिकचे वॉशर घालावेत.

धक्के शोषणाऱ्या, आत फोम किंवा रबरावर टांगलेल्या रॅकची आपल्याला गरज नाही. सामान टेम्पोतून किंवा विमानाने जात असेल, तर त्यावर खर्च करावा. डिकीत जाड सतरंजी अंथरून केस पट्ट्याने बांधली की आपले काम भागेल. चाकांविषयीही माझे मत थोडे वेगळे आहे. केसलाच जोडलेली चाके पेव्हर ब्लॉकवरून जाताना आतल्या सगळ्या उपकरणांना हादरे देतात आणि गाडीत जागाही खातात, त्यामुळे 100 मिलिमीटर व्यासाच्या रबरी चाकांची, घडी घालता येणारी वेगळी ढकलगाडी ठेवावी. पुण्याच्या बोहरी आळीत बिजागऱ्या, कड्या आणि चाके मिळतात.

उष्णतेसाठी पंखा बसवू नका. त्याचा आवाज तानपुऱ्याबरोबर माइकमध्ये येतो. त्याऐवजी गरम होणाऱ्या उपकरणावर एक यू रिकामा सोडावा आणि दोन्ही झाकणे काढून केस भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. पावसाळ्यात गाडीचा एसी लावून आल्यावर गार धातूवर दमट हवेचे दव धरते, म्हणून अर्धा तास थांबल्याशिवाय वीज सुरू करू नये.

अर्थिंगबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. जुन्या इमारतीत 50 हर्ट्झची घरघर ऐकू आली, की काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. रॅकमध्ये सगळ्या उपकरणांचे धातूचे सांगाडे रेलमुळे एकमेकांना जोडलेले असतात. एकात बिघाड झाला तर सर्वांच्या अंगात वीज येते आणि माइक धरलेल्या गायकाच्या जिवाशी गाठ पडते. घरघर घालवायची असेल तर बॅलन्स्ड (बाहेरून शिरणारी घरघर रद्द करणाऱ्या) तारा वापराव्यात किंवा सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन उपकरणांमधला थेट विजेचा संबंध तोडणारा) घालावा. पिनेला हात लावू नये.

प्रश्न : बैठकीत रॅक जमिनीवर ठेवल्यास वाकावे लागते. त्यासाठी उंच टेबल घ्यावे का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : घरगुती बैठकीत श्रोते आणि कलाकार जमिनीवरच बसतात, तेव्हा आपणही बसून काम करावे, 6 यूची केस जमिनीवर ठेवली की तिचे दिवे मांडी घालून बसलेल्या माणसाला सहज दिसतात आणि मागच्या रांगेतील कोणाचीही दृष्टी अडत नाही. खुर्चीवर बसून काम करायचे असेल, तर दोन केस एकावर एक रचाव्यात. त्यासाठी घेतानाच अशी जोडी घ्यावी, की वरच्या केसचे गोल धातूचे कोपरे खालच्या केसच्या खळग्यांत घट्ट बसतील. घडीच्या कीबोर्ड स्टँडवर रॅक ठेवू नये. तो बाजूला हलतो आणि तारेत कोणाचा पाय अडकला तर सगळे सामान खाली येते.