कपाटामागची बुरशी परत परत का येते?

प्रश्न: झोपायच्या खोलीत कपाटामागच्या भिंतीवर दरवर्षी काळी बुरशी धरते. दोनदा ब्लीचने पुसली, गेल्या वर्षी बुरशीरोधक रंगही दिला. तरी दमट दिवस आले की महिन्याभरात काळे ठिपके हजर, आणि कपड्यांना कुबट वास. काय करावं?

उत्तर: अगदी अशाच एका भिंतीशी मी तीन वर्षं झगडले. न्हाणीघराची भिंत लागूनच होती, त्यामुळे आतला नळ गळतोय अशी माझी खात्री होती. फरशा फोडायचंही ठरलं होतं. त्याआधी एका जाणत्या गवंड्याने फॉइल लावून बघायला सांगितलं. तुम्हीही आधी तेच करा.

भिंत कोरडी पुसून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या मागे, भिंतीकडे ओल असेल तर पाणी भिंतीतून झिरपतंय. खोलीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर हवेतलं बाष्प थंड भिंतीवर जमतंय.

माझ्याकडे मागची बाजू कोरडी ठणठणीत होती. कपाट भिंतीला टेकलेलं, मागे हवा खेळत नव्हती आणि त्याच खोलीत मी रात्रभर ओले कपडे वाळत घालत होते. कपाट ओढलं तेव्हा खरा धक्का बसला. पाठीच्या प्लायवूडवर राखाडी, मखमलीसारखा थर होता. मी दरवर्षी भिंत पुसत होते आणि बुरशी कपाटाला चिकटून बसली होती! ते प्लाय फुगलं होतं, बदलावंच लागलं. तुमच्या कपाटाची पाठ आजच बघा.

कपाट भिंतीपासून निदान चार बोटं पुढे घ्या. आर्द्रतामापक आणा, आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. माझ्या बंद खोलीत पहाटे तो ७८ दाखवायचा. बाहेर पाऊस असताना खिडकी उघडली तर दमटपणा आतच येतो, अशा वेळी डीह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प शोषणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड लावा. अंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन वीस मिनिटं तरी चालू ठेवा.

पाणी झिरपत असेल तर मात्र बाहेरची भेग किंवा पाइपचा सांधा आधी दुरुस्त करा. मग गिलावा पूर्ण वाळू द्या, त्याला काही आठवडे लागतात. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग दिला तरी पोपडे धरणारच.

पुसताना कोरडा ब्रश घासू नका, बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे सूक्ष्म बीजकण, घरभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, आणि लगेच पंख्याने वाळवणं. ब्लीच गुळगुळीत फरशीवर ठीक. गिलाव्यात ते खोल जात नाही, त्यातलं पाणी तेवढं मुरतं. ब्लीच हे व्हिनेगर, अमोनिया किंवा आम्लयुक्त टॉयलेट क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. घरात कोणाला दमा असेल तर त्या माणसाला या कामापासून लांब ठेवा. डाग चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा.

फॉइलच्या कोणत्या बाजूला ओल आली ते मात्र मला जरूर कळवा.