ओपन सोर्स हॉस्पिटल सॉफ्टवेअर दोन-तीन जणांच्याच हातात असेल तर त्याच्यावर विसंबावं का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला तुमचं २५ बेडचं हॉस्पिटल आहे, विकतच्या सॉफ्टवेअरची एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, दरवर्षी वाढतेय म्हणून ओपन सोर्सवर, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरवर जायचंय, पण असा कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवर बघितलं तर सगळं काम दोन-तीनच लोक करतायत, आणि ते उद्या थांबले तर पेशंटच्या रेकॉर्डचं काय.

मी ठाणे, ऐरोली, वाशी भागात लॅबची मशीन हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला जोडून द्यायचं काम करते. माझं मत, जा नक्की, पण आधी एक असा माणूस धरा, पगारावर नाहीतर करारावर, ज्याला कोरं मशीन आणि तुमचा बॅकअप दिला तर तो सगळी सिस्टीम परत उभी करून दाखवेल. तो मिळेपर्यंत आहे तेच चालू ठेवा.

मेन्टेनर, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणारे, किती हे बघाच, पण ताबा कोणाकडे आहे ते त्याच्याआधी बघा. मर्थ कनेक्टचं उदाहरण घ्या. एका सिस्टीमचे एचएल७ (हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरांनी एकमेकांना माहिती द्यायची ठरलेली पद्धत) मेसेज दुसरीला समजतील असे करून पाठवायला ते जगभर वापरतात, आणि मागे एकटादुकटा माणूस नाही तर नेक्स्टजेन हेल्थकेअर नावाची अख्खी कंपनी. तरी २०२५ मध्ये त्यांनी ठरवलं की ४.६ व्हर्जनपासून पुढे फक्त पैसे भरून लायसन्स. आधीचा कोड ओपन सोर्स लायसन्सखाली बाहेर आलेला होता, तो काही परत घेता येत नाही, म्हणून काही लोकांनी तिथून पुढे ओपन इंटिग्रेशन इंजिन नावाने वेगळं काम सुरू केलं. पण मग तुमच्या हॉस्पिटलला जुन्यावरच राहायचं, नव्या फाट्यावर जायचं की पैसे भरायचे हे ठरवणार कोण? त्यासाठीच तो माणूस लागतो.

जुन्यावर बसून राहणं पण फार दिवस चालत नाही. ह्याच मर्थमध्ये २०२३ ला अशी फट सापडली की लॉगिन न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवर कमांड चालवू शकत होता, पहिला पॅच (दुरुस्ती) अपुरा निघाला आणि ४.४.१ मध्ये ती नीट बुजवली. आता आपल्याकडे बऱ्याच छोट्या हॉस्पिटलात व्हेंडरला घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडा ठेवलेला असतो आणि तो उघडा आहे हे डॉक्टरांना माहीतच नसतं, हे बघून मला खरंच काळजी वाटते. आजच बंद करून घ्या, सॉफ्टवेअर कुठलंही असो.

आणि विकतचं घेतलं म्हणजे ह्यातून सुटलो असं नाही. तुमचा सर्व्हर लिनक्सवर असेल तर त्याच्या पोटात एक्सझेड सारख्या लायब्ररी, म्हणजे बाकीची सॉफ्टवेअर वापरतात ते तयार कोडचे तुकडे, आहेतच. एक्सझेड लासे कॉलिन जवळजवळ एकटा सांभाळत होता, थकला होता, आणि जिया टॅन नावाने कोणीतरी मदतीला येऊन हळूहळू विश्वास मिळवून २०२४ मध्ये त्यात चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून संशय आला म्हणून पकडलं गेलं.

तुमच्यासाठी बाह्मनी हे ओपन सोर्स हॉस्पिटल सॉफ्टवेअर बघण्यासारखं आहे, छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलमधल्या कामातून ते वाढलं. पण ते ओपनएमआरएस (केसपेपर), ओपनईएलआयएस (लॅब) आणि ओडू (बिलिंग) अशा तिघांना जोडून बनलंय, म्हणजे लक्ष तिन्हीकडे ठेवावं लागतं. एक्स-रे, सीटीचे फोटो साठवायला ऑर्थँक हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेतलं तर मला त्यात भीती कमी वाटते, कारण फोटो डायकॉम ह्या सगळीकडे चालणाऱ्या फॉरमॅटमध्येच राहतात, उद्या ऑर्थँक थांबलं तरी दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडतील. केसपेपर, बिलिंगचं तसं नाही, तो डेटा ज्याच्या-त्याच्या टेबलांमध्ये अडकलेला असतो, म्हणून खरा जोर तिथे लावा. दर तीन महिन्यांनी ओपीडी बंद असेल त्या दुपारी वेगळ्या लॅपटॉपवर बॅकअप चढवायचा आणि एका जुन्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड प्रिंट करून बघायचं. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि मागितलं की ७२ तासांत द्यायचं, ही जबाबदारी तुमची आहे. मेन्टेनरने लायसन्समध्येच लिहिलेलं असतं की कसलीही हमी नाही.

माणूस कुठे मिळणार, तर महापे-ऐरोलीला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा येणारी मुलं ढिगाने आहेत, हॉस्पिटलचं काम समजणारी कमी, पण चांगल्या मुलाला सहा महिने तुमच्या रिसेप्शनला आणि लॅबमध्ये बसवलं तर तो शिकतो. एकट्याला परवडत नसेल तर ठाण्यात छोटी हॉस्पिटलं काही कमी नाहीत, तीन-चार डॉक्टरांनी मिळून एकच सॉफ्टवेअर आणि एकच माणूस ठेवा.

एएमसीचे जे पैसे वाचतील त्यातला काही भाग दरवर्षी त्या प्रोजेक्टला पाठवा, हे मी मनापासून सांगते, ती दोन-तीन माणसं नोकरी सांभाळून रात्री तुमच्यासाठी बग सोडवत असतात. आणि बग कळवताना स्क्रीनशॉटमध्ये पेशंटचं नाव, फोन नंबर जाऊ देऊ नका, गिटहबवर ते सगळ्या जगाला दिसतं, टेस्ट पेशंट बनवून त्याच्यावर बग परत आणून दाखवायचा, म्हणजे त्यांचं कामही पटकन होतं.